प्रायमर: कशासाठी, कुठे आणि किती

तेलकट चेहऱ्यावर सकाळी नीट बसलेलं फाउंडेशन दुपारपर्यंत नाकाच्या कडेला सुटतं, कपाळावर चमकतं आणि हनुवटीवर ठिपक्याठिपक्यांनी गोळा होतं. दुकानात ही तक्रार सांगितली की काउंटरमागची मुलगी प्रायमरची ट्यूब काढते आणि तुमच्या हाताच्या पाठीवर थेंबभर चोळून दाखवते. जागा लगेच गुळगुळीत लागते आणि आपण पैसे मोजतो. पण हाताच्या पाठीवर तैलग्रंथी अगदी विरळ असतात. तिथे कुठलाही प्रायमर छानच वाटणार. खरी परीक्षा नाकावर आणि कपाळावर असते, तीही चार तासांनंतर.

म्हणून आधी चेहऱ्यावर घडतं काय ते पाहू. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या त्वचेत दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात; अंगावर इतरत्र बहुतेक ठिकाणी हा आकडा १०० च्या आत राहतो. या ग्रंथींतून पाझरणाऱ्या तेलाला सेबम म्हणतात. ते किती बनणार हे मुख्यतः अँड्रोजन गटातली संप्रेरकं ठरवतात आणि ते किती वेगाने बाहेर येणार यावर उष्णतेचाही परिणाम होतो. त्वचेचं तापमान एका अंशाने वाढलं तर हा वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, असं १९७० च्या सुमाराला झालेल्या मोजमापांत दिसलं होतं. वरून लावलेल्या ट्यूबचं या दोन्हींपुढे काही चालत नाही. ‘ऑइल कंट्रोल’ असं प्रायमरवर छापलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की वर आलेलं तेल तो काही तास धरून ठेवेल.

फाउंडेशनमधला रंग म्हणजे बहुतांशी आयर्न ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडची अतिशय बारीक पूड. ती एका पातळ थराने त्वचेला चिकटलेली असते. खालून सेबम येऊ लागलं की तो थर सैल होतो, पूड सरकते आणि जिथे खोलगट जागा मिळेल तिथे, म्हणजे रोमरंध्रांच्या तोंडाशी, साचते. प्रायमर हा या दोघांच्या मध्ये घातलेला थर. तो तीन वेगवेगळी कामं करू शकतो: तेल शोषणं, उंचसखल भाग भरणं आणि रंगातला फरक झाकणं. एकच ट्यूब तिन्ही कामं सारख्या ताकदीने करत नाही, जाहिरात काहीही म्हणो. आपल्याला कोणतं काम हवंय हे ठरलं की निवड बरीच सोपी होते.

‘माझी त्वचा एकसारखी नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन निराळ्या तक्रारी एकाच वाक्यात सांगत असतो. चेहरा धुऊन खिडकीशी असे उभे राहा की उजेड एका बाजूने पडेल. आता आरशात जे दिसेल, म्हणजे छोट्या सावल्या, खळगे, दाणे, तो उंचसखलपणा. मग उजेडाकडे तोंड करा. सावल्या जातात, जे डाग तरीही उरतात तो रंगाचा प्रश्न. त्याच दिवशी, चेहऱ्याला काहीही न लावता तासभर थांबून टिपकागदाचे तुकडे कपाळ, नाक, गाल आणि हनुवटीवर दाबून बघा. बहुतेकींना कळतं की तेलाचा कागद कपाळाचा आणि नाकाचा आहे, गालाचा जवळजवळ कोराच. तेव्हा संपूर्ण चेहऱ्याला तेल शोषणारा प्रायमर फासण्याचं कारण उरत नाही.

खळगे भरायचं काम सिलिकोनचं. ट्यूबमागच्या यादीत डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोन क्रॉसपॉलिमर अशी नावं सुरुवातीलाच दिसली तर तो या घराण्यातला प्रायमर. यांत क्रॉसपॉलिमर म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या साखळ्यांचं मऊ जेल. सायक्लोपेंटासिलोक्सेन हे उडून जाणारं द्रव. ते जेलला पसरायला मदत करतं आणि काही मिनिटांत हवेत जातं. मागे उरतो मखमली थर, जो रंध्रांच्या तोंडाशी बसून पृष्ठभाग सपाट करतो. रंध्रं बंद होत नाहीत, आकसतही नाहीत. त्यांना उघडझाप करणारा स्नायूच नसतो. (हाच सायक्लोपेंटासिलोक्सेन पर्यावरणात फार काळ टिकतो म्हणून युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन टाकायच्या उत्पादनांत त्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत बांधून दिलं. ज्यांना हे खटकतं त्यांनी यादीत त्याचं नाव नाही ना, एवढं बघावं.)

या भरण्याला मर्यादा आहे. रंध्रं आणि उथळ खळगे झाकले जातात. मुरुमांनी मागे ठेवलेले अरुंद, खोल खड्डे झाकले जात नाहीत. उलट त्यांत प्रायमर दाबून भरला तर दुपारी तिथे पांढुरका ठिपका दिसतो. आणि वर आलेल्या दाण्याला तर कोणताच प्रायमर खाली बसवत नाही. खोल व्रण हे त्वचारोगतज्ज्ञाचं काम आहे, ते ट्यूबकडून करून घ्यायचा हट्ट सोडलेला बरा.

तेल शोषायचं काम पुडीचं. सिलिका, केओलिन म्हणजे पांढरी चिनी माती, टाल्क, वेगवेगळे स्टार्च, नायलॉन-१२ ही नेहमीची नावं. सिलिकाचे गोल, सच्छिद्र कण तेल पोटात घेतात आणि आणखी एक काम करतात: त्यांच्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, त्यामुळे रंध्रांच्या कडा डोळ्याला पुसट दिसतात. ‘ब्लर’ म्हणून जे विकलं जातं ते हेच. आता हा परिणाम दुपारी का ओसरतो ते बघा. वर्तमानपत्राच्या कागदावर गरम भजी ठेवली की तेल लागलेल्या जागी कागद अर्धपारदर्शक होतो, कारण धाग्यांमधल्या हवेची जागा तेलाने घेतलेली असते आणि उजेड पूर्वीसारखा विखुरत नाही. सिलिकाचंही तसंच. तिचा आणि सेबमचा प्रकाश वळवण्याचा गुण जवळपास सारखा असल्याने कण तेलाने भिजले की ते दिसेनासे होतात आणि खालची रंध्रं पुन्हा दिसू लागतात. फाउंडेशन दुपारी एक छटा गडद दिसतं, ज्याला सगळ्या जणी ‘ऑक्सिडाइज झालं’ म्हणतात, त्यातही बऱ्याचदा रंगाच्या पुडीचं हेच भिजणं असतं.

याचा उपाय जास्त पूड लावणं नव्हे. आधी टिपकागद नुसता दाबून तेल उचला, घासू नका, मग हवी तर थोडी पावडर. तेलावरच पावडर थापली तर तिचा लगदा होतो. सिलिका जास्त असलेले प्रायमर आणि पावडरी लग्नकार्यात जपून वापराव्यात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये त्या डोळ्यांखाली आणि नाकावर पांढरे पट्टे उमटवतात, गव्हाळ-सावळ्या रंगावर तर फारच. घरातच फ्लॅश लावून एक फोटो काढला की हे आधी कळतं.

हवेचा हिशेबही धरावा लागतो. मुंबई, कोकण, गोवा इथे त्रास तेलाचा जेवढा, तेवढाच घामाचा. घाम म्हणजे पाणी. तेल शोषणारी पूड त्याला पुरी पडत नाही. दमट हवेत तो लवकर वाळतही नाही. तिथे ॲक्रिलेट्स कोपॉलिमर किंवा ट्रायमिथाइलसिलोक्सिसिलिकेट यांसारखे घट्ट पापुद्रा धरणारे घटक उपयोगी पडतात. ते प्रायमरपेक्षा टिकाऊ फाउंडेशनमध्ये आणि शेवटी मारायच्या सेटिंग स्प्रेमध्ये जास्त सापडतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उलटा प्रकार. त्वचेतून तेल येतंय, पण वरचा थर पाण्याअभावी ताणलेला. अशा चेहऱ्यावर मॅट प्रायमर भेगाळतो. खाली हलकं जेल मॉइश्चरायझर हवंच. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको हा समज इतका पक्का बसलाय की मुली स्पिरिटचा वास येणारी उत्पादनं मुद्दाम निवडतात. अल्कोहोल उडताना कोरडं-कोरडं वाटतं खरं, पण ग्रंथींवर त्याचा काही परिणाम होत नाही. त्वचा मात्र चुरचुरते.

रंगासाठीचे प्रायमर सर्वांत फसवे. तत्त्व बरोबर आहे: समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. लालीवर हिरवा, निळसर-काळपट छटेवर पीच किंवा नारिंगी, पिवळेपणावर जांभळट. पण हिरवा प्रायमर गोऱ्या, पटकन लाल होणाऱ्या त्वचेसाठी चांगला. आपल्याकडे मुरुमानंतर राहतात ते डाग बहुधा तपकिरी असतात. त्यांवर हिरवा लावला की चेहरा राखेरी दिसतो. आपल्याला पीचपासून नारिंगीपर्यंतची छटा लागते, त्वचा जितकी सावळी तितकी ती गडद, आणि तीही फक्त डागावर, बोटाच्या टोकाने थापटून.

गालांवर, ओठांच्या वर दोन्हीकडे सारखे पसरलेले तपकिरी चट्टे असतील तर तो वांग असू शकतो, आणि तिथे प्रायमरच्या आधी सनस्क्रीनचा विचार करावा. वांग उन्हातल्या अतिनील किरणांनी वाढतो तसा दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, आणि तो प्रकाश अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. म्हणजे टिंटेड सनस्क्रीन. त्याने रंगही बराच एकसारखा होतो, त्यामुळे कित्येकींचं प्रायमरचं काम तिथेच संपतं. मैत्रिणीने सांगितलेली ‘डाग जाणारी’ क्रीम मात्र यादी वाचल्याशिवाय लावू नका. बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावं असतील तर ते स्टेरॉइड आहे; डॉक्टरांशिवाय लावलं तर त्वचा पातळ होते, लाल पडते.

यादी वाचायची एक सोय कायद्यानेच केली आहे. भारतात कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने. म्हणून पहिली पाच-सहा नावं म्हणजेच खरा प्रायमर. शेवटी लिहिलेला गुलाबाचा अर्क किंवा मोत्याची पूड बहुधा शोभेला असते. ट्यूबवर जागा नसली तर यादी खोक्यावर बघा. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. सौंदर्यप्रसाधनांनी येणाऱ्या मुरुमांना १९७२ मध्ये ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ हे नाव मिळालं आणि त्यानंतर रंध्रं बुजवणारे घटक सशांच्या कानांवर तपासले गेले. पण सशाचा कान म्हणजे आपला गाल नव्हे. सिलिकोनने मुरुम येतात ही भीतीही बरीचशी अनाठायी आहे. रात्री ते नीट न काढणं हे जास्त मोठं कारण. साध्या फेसवॉशने सिलिकोनचा थर पुरता निघत नाही. आधी मायसेलर वॉटर किंवा क्लिन्झिंग ऑइल, मग फेसवॉश.

लावण्याची रीत थोडक्यात. मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, मग दोन्ही मुरायला पाच-दहा मिनिटं. प्रायमरमध्ये एसपीएफ लिहिलेला असला तरी त्यावर विसंबू नका: एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर होते आणि प्रायमर कोणी तेवढा लावत नाही. कपाळ, नाक आणि हनुवटीला मिळून मसुरीच्या दाण्याएवढा प्रायमर पुरतो. तो चोळायचा नाही, बोटाने दाबत न्यायचा. चोळताना मळासारख्या वळ्या सुटू लागल्या तर प्रायमर वाईट आहे असं लगेच समजू नये. बहुतेक वेळा तो जास्त झालेला असतो किंवा खालचं सनस्क्रीन ओलं असतं. तरीही सुटत असतील तर प्रायमर आणि फाउंडेशनचा एकेक थेंब हातावर एकत्र करा. मिश्रण फुटलं, दाणेदार झालं, तर त्या दोघांचं जमत नाही. ‘सिलिकोनवर सिलिकोन, पाण्यावर पाणी’ हा नियम चांगला, पण पहिलं नाव पाण्याचं असूनही पुढे सिलिकोनच भरलेली फाउंडेशन्स पुष्कळ आहेत, त्यामुळे थेंबाची चाचणी जास्त खरी.

घरगुती जुगाडांपैकी मिल्क ऑफ मॅग्नेशिया चेहऱ्याला लावणं मला अजिबात मान्य नाही. त्याचा पीएच साधारण १०.५, त्वचेचा ५ च्या आसपास. एका कार्यक्रमापुरती चमक जाते, रोज लावलं तर त्वचेचं संरक्षक आवरण बिघडतं. कॅलामाइन लोशन त्यामानाने निरुपद्रवी. त्यातलं झिंक ऑक्साइड थोडं तेल धरतं, पण सावळ्या चेहऱ्यावर खडूची झाक येते.

नवा प्रायमर सर्वांत लहान ट्यूबमध्ये घ्या आणि सुट्टीच्या दिवशी चेहऱ्याच्या एकाच अर्ध्या बाजूला लावा, दुसरी बाजू त्याविना, फाउंडेशन दोन्हीकडे सारखं. चार तासांनी खिडकीच्या उजेडात बघा. फरक दिसला नाही तर तो प्रायमर तुमच्या कामाचा नाही, मग तो २०० रुपयांचा असो की २,००० चा. ते पैसे टिंटेड सनस्क्रीनवर आणि टिपकागदाच्या पाकिटावर खर्च करा.