जांघेतील खाज : आधी कारण, मग मलम

कपाशीची पाने लाल पडू लागली, की जाणता शेतकरी दुकानात मिळेल ते औषध आणून फवारीत नाही. नत्र कमी पडले, मॅग्नेशियमची उणीव झाली, की तुडतुड्यांचा उपद्रव झाला, हे तो प्रथम पाहतो. लक्षण एक असले तरी कारणे निरनिराळी असतात, हे त्यास ठाऊक असते. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. जांघेत किंवा जननेंद्रियाच्या कातडीस खाज सुटली, की पुरुष महिनोन्महिने गप्प राहतो, अथवा कोणाच्या तरी सांगण्यावरून मलम आणून चोळतो. झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, आणि ‘हा वाईट चालीचा रोग’ अशा समजुतीने घरात संशय शिरतो. वास्तविक अशी खाज बहुधा साध्या व बऱ्या होणाऱ्या कारणांनी येते.

गजकर्ण

पावसाळ्यात ओले कपडे, घाम व घट्ट चड्डी यांमुळे जांघेत बुरशी वाढते. मांडीच्या आतील बाजूस लालसर चट्टा उठतो. त्याची कडा उंच व खवलेदार असते, मध्यभाग निवळलेला दिसतो. बाजारातील पुष्कळ मिश्र मलमांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखे स्टिरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण कातडीची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आतल्या आत पसरते. चट्ट्याची कडा पुसट होते, म्हणून डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. पुढे कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. याच कारणास्तव केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, असे ठरविले. शिवाय भारतात अलीकडे पसरलेली बुरशी, जिला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले, नेहमीच्या टर्बिनाफीन औषधास पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावा, आणि खाज थांबली तरी सांगितलेल्या मुदतीपूर्वी तो सोडू नये.

खरूज

रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व जननेंद्रियावर पुटकुळ्या असतील, आणि घरातील इतरांनाही खाज असेल, तर खरजेची शंका घ्यावी. ती कातडीत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे होते. त्यावर पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावून सकाळी धुतात, व साधारण एका आठवड्याने पुन्हा लावतात. घरातील सर्वांनी उपचार एकाच दिवशी केला पाहिजे. एक जण राहिला तरी खरूज परतते. कपडे व अंथरूण गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. गुरांच्या गोचिडांवरील औषध किंवा पिकावरील कीटकनाशक अंगास चोळण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्याने विषबाधा होऊ शकते.

मधुमेह

शिश्नाच्या पुढील कातडीखाली लाली, पांढरा थर, चिरा व आग ही लक्षणे वारंवार होत असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. पुष्कळांना आपला मधुमेह याच खुणेने प्रथम कळतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांमुळेही असा त्रास होतो. अशा वेळी गोळी आपण होऊन बंद न करता डॉक्टरांस सांगावे.

साबण, सोडा आणि फवारणी

उग्र साबण, जंतुनाशक द्रव आणि नीट न खळबळलेल्या कपड्यांतील सोडा यांनीही कातडी चिडते. त्याहून गंभीर बाब फवारणीची आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हायड्रोकॉर्टिझोन हे औषध हाताच्या कातडीच्या मानाने वृषणाच्या कातडीतून सुमारे ४२ पट अधिक मुरते, असे आढळले. अर्थात तेथे लागलेले कीटकनाशकही अधिक वेगाने शरीरात जाण्याचा धोका आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. गळका पंप पाठीवर घेऊ नये. औषध सांडून कपडे भिजल्यास ते लगेच उतरवून अंग साबणाने धुवावे, आणि लघवीस जाण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत.

दवाखान्यात केव्हा जावे?

दोन आठवड्यांत उतार पडला नाही, पुढची कातडी पांढरी किंवा घट्ट होऊ लागली, फोड वा जखम झाली, स्राव येऊ लागला, की विलंब करू नये. बरी न होणारी जखम कर्करोगाचीही असू शकते, व लवकर कळल्यास तिच्यावर इलाज होतो. संबंधातून झालेला रोग ठरल्यास पती-पत्नी दोघांनीही उपचार घ्यावा. जाताना आजवर लावलेल्या मलमांच्या नळ्या बरोबर न्याव्यात. तोपर्यंत सुती, सैल कपडे वापरावेत, आंघोळीनंतर जांघ कोरडी करावी, दुसऱ्याचा पंचा घेऊ नये व खाजवणे टाळावे. सतत खाजवल्याने कातडी जाड होते आणि जाड कातडी आणखी खाजते.

ग्रामकार्यकर्त्यांस विनंती

हा विषय चारचौघांत कोणी काढणार नाही. फवारणीची माहिती देताना कार्यकर्त्यांनीच तो सहजपणे काढावा, कोणाचीही थट्टा होऊ देऊ नये, आणि स्वतः मलम न सुचविता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. गावातील एका जरी माणसाने मलमाची नळी बाजूस ठेवून वेळीच तपासणी करून घेतली, तरी त्याच्यासह त्याच्या सर्व घरास त्याचा लाभ होईल.