एकच काम, नावं तीन

१९८७ साली लंडनमध्ये मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी एक धाडसी प्रयोग केला. सीडीसी२ हे जनुक बिघडलं, की एका जातीच्या यीस्टच्या पेशी नुसत्या लांबत जातात, त्यांचं विभाजन होत नाही. अशा अडलेल्या पेशींमध्ये त्यांनी माणसाची जनुकं सोडून पाहिली. त्यांतल्या एकानं काम फत्ते केलं आणि यीस्ट पुन्हा विभागू लागलं. माणूस आणि यीस्ट यांच्या वाटा फुटल्याला शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी एकाचं जनुक दुसऱ्याच्या पेशीत बिनतक्रार राबलं.

जे निसर्गात इतकं सारखं, ते कागदावर मात्र वेगवेगळं. या यीस्टमध्ये त्याचं नाव सीडीसी२, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सीडीसी२८, माणसात सीडीके१. फळमाशीवाल्यांची तर तऱ्हाच न्यारी. जनुक बिघडलं की माशीत काय बिनसतं, त्यावरून त्याचं बारसं करायचं. म्हणून 'व्हाइट' शाबूत असेल तरच माशीचे डोळे लाल होतात! आणि 'टिनमन' नसेल तर तिच्यात हृदयच तयार होत नाही. प्रयोगशाळेत ही गंमत खपून जाते. पण १९९६ मध्ये यीस्टचा, १९९८ मध्ये सूत्रकृमीचा आणि २००० मध्ये फळमाशीचा जनुकसंच वाचून झाला. हजारो जनुकं संगणकावर शेजारी शेजारी ठेवायची वेळ आली, तेव्हा या नावांवरून कोण कुणासारखं, याचा पत्ता लागेना.

१९९८ मध्येच फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांचे डेटाबेस सांभाळणारे गट एकत्र आले. केंब्रिजचे मायकेल अ‍ॅशबर्नर त्यांत आघाडीवर होते. जनुकांची नावं बदलायच्या फंदात ते पडले नाहीत, आणि तेच शहाणपणाचं ठरलं; शास्त्रज्ञ नावांवरून किती भांडतात हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. त्यांनी जनुकाच्या कामाचं वर्णन करणाऱ्या संज्ञा तेवढ्या सर्वांसाठी सारख्या ठरवल्या. हीच 'जीन ऑन्टॉलॉजी', थोडक्यात 'जीओ'.

जीओ प्रत्येक जनुकाबद्दल तीन गोष्टी विचारते. त्यापासून बनणारा रेणू नेमकं काय करतो, कुठल्या मोठ्या प्रक्रियेत हातभार लावतो आणि पेशीत कुठे असतो. सायटोक्रोम-सी हे प्रथिन घ्या. ते इलेक्ट्रॉन वाहून नेतं, पेशीच्या श्वसनात भाग घेतं आणि तंतुकणिकेच्या दोन पटलांमधल्या फटीत राहतं. एवढ्यावर चित्र पूर्ण झालं असं वाटत असतानाच १९९६ मध्ये शाओदोंग वांग यांच्या गटाला वेगळंच काही आढळलं. हेच प्रथिन तंतुकणिकेतून निसटून पेशीद्रवात आलं, की पेशी स्वतःला संपवण्याच्या मार्गाला लागते. म्हणजे दुसरी प्रक्रिया, दुसरी जागा. एका जनुकाला एकच खण नेमून दिला असता, तर यातलं एक काम बाहेरच राहिलं असतं.

प्रत्येक संज्ञेला व्याख्या असते आणि क्रमांकही. 'डीएनए दुरुस्ती' म्हणजे जीओ:०००६२८१. तिच्या पोटात दुरुस्तीचे निरनिराळे प्रकार येतात. ती स्वतः 'डीएनएचा चयापचय' आणि 'डीएनएच्या इजेला प्रतिसाद' अशा दोन संज्ञांखाली येते. लेकराला घर आणि आजोळ दोन्ही असावं तसं. खालच्या संज्ञेशी जनुक जोडलं, की वरच्या सगळ्या संज्ञा त्याला आपोआप लागू होतात.

या जोडण्या करतं कोण? शोधनिबंध वाचून जनुकागणिक नोंद करणारी माणसं असतात. हे काम किचकट, आणि त्यात नाव फारसं होत नाही. माझ्या मते मात्र सगळ्या डोलाऱ्याचा कणा तेच आहे, कारण प्रत्येक नोंदीला पुराव्याचा संकेत लावलेला असतो. 'आयडीए' म्हणजे प्रयोगात थेट दिसलेलं. 'आयईए' म्हणजे संगणकानं लावलेला अंदाज, जो कुणी एकेक करून तपासलेला नाही. बहुसंख्य नोंदी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. दुर्दैवानं वापरणारे पुष्कळदा हा संकेत बघतच नाहीत.

दुसरी चूक हिशेबाची. समजा, आजारी यकृतात तीनशे जनुकांचं काम वाढलेलं दिसलं. त्यांत कुठल्या संज्ञा अपेक्षेपेक्षा जास्त येतात, हे तपासायची रीत आता सर्रास आहे. पण अपेक्षा कशावरून धरायची? माणसाची प्रथिनं बनवणारी सुमारे वीस हजार जनुकं आधाराला घेतली, तर चरबीचा चयापचय, विषारी द्रव्यांचा निचरा असं काहीबाही 'ठळकपणे' वर येईल. ते आजाराचं लक्षण असेलच असं नाही. निरोगी यकृतही तेच करतं. तुलना यकृतात चालू असलेल्या जनुकांशीच करायला हवी.

आणि जिथे नोंद नाही, तिथे काम नाही असंही समजू नये. कर्करोगाशी नातं असलेल्या टीपी५३ वर नोंदींचा ढीग आहे, तर कित्येक जनुकांकडे अजून कुणी वळलेलंही नाही. कुणी शोधूनही काही हाती लागलं नसेल, तर त्यासाठी 'एनडी' हा वेगळा संकेत आहे, त्यावर तारीखही असते. त्या जनुकावरचा पहिला भक्कम निबंध आला, की तो काढून टाकतात.