होळीनंतरच्या कुंड्या

'होळी जळाली, थंडी पळाली' हे नाशिकच्या कुंड्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मार्चमध्ये इथे दुपारी पारा ३४-३५ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे पुन्हा १५-१६ च्या आसपास उतरतो. बाल्कनीतली झाडं बिघडतात ती बहुधा या ओढाताणीत, आणि आपण दोष देतो भलत्यालाच.

सगळ्यात जास्त गोंधळ भुरीचा. गुलाबाच्या किंवा काकडीच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर दिसला की 'परवाचा अवकाळी पाऊस बाधला' म्हणून आपण मोकळे होतो. निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्याला विचारा. पाऊस पडला की त्याच्या पोटात गोळा येतो तो भुरीच्या नव्हे, डावणी या वेगळ्याच रोगाच्या भीतीने. भुरीच्या बुरशीला रुजायला ओलं पान लागत नाही, उलट भिजलेल्या पानावर तिला नीट रुजताच येत नाही. दमट हवा, थोडी सावली, सौम्य तापमान एवढ्यावर तिचं भागतं. म्हणूनच भिंतीला लावून दाटीने मांडलेल्या कुंड्यांत ती आधी उगवते. कुंड्या सुट्या करा, ऊन-वारा लागू द्या, पांढरी पानं खुडून टाका. द्राक्षबागेतलं पाण्यात मिसळायचं गंधक गुलाबाला चालतं, पण सकाळी लवकर. पारा तिशीपार गेल्यावर फवारलं तर गंधकच पानं करपवतं. काकडी-भोपळ्याच्या वेलांना ते सोसत नाही, तिथे जपून.

'भर उन्हात पाणी घातलं तर थेंब भिंगासारखे पान जाळतात' हेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानांवर थेंबांनी डाग पडले नाहीत. लव असलेल्या पानांवर, थेंब लवेवर अधांतरी राहिले तरच ती शक्यता दिसली. खरा चटका बसतो तो गच्चीवर तापलेल्या पाइपातल्या पहिल्या पाण्याचा. ते बादलीत सोडा, गार होऊ द्या.

दुपारी झाडाने मान टाकली म्हणून लगेच तांब्या घेऊन धावायचं कारण नाही. मुळं ओढतात त्यापेक्षा पानांतून पाणी जास्त उडालं की ती तात्पुरती मलूल होतात आणि उन्हं कलली की पुन्हा ताठ. मातीत दोन पेरं बोट खुपसा. ओल लागली तर पाणी नको. याच दिवसांत जास्त पाण्याने मुळं कुजवलेली तुळस किती घरांत 'उन्हाने गेली' म्हणून खपते!

कढीपत्ता थंडीत पिवळा पडून झडला तर तो मेला असं नाही. फांदी नखाने खरवडून पाहा, आत हिरवं असेल तर कोंब येतील. मोगऱ्याला नुसती पानंच येत असतील तर आणखी खत घालू नका, त्याला ऊन आणि वेळेवर छाटणी हवी.

कोथिंबीर चार पानांवरच फुलोऱ्यावर आली की बियाणंवाल्याचा उद्धार होतो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. दिवस मोठा झाला, उष्मा वाढला की कोथिंबीर घाईने बी धरते. हिरव्या जाळीखाली किंवा पूर्वेच्या खिडकीत थोडी तग धरेल. नाहीतर जूनपर्यंत बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून जुडी आणावी, हेच स्वस्त पडतं.