मध्येच येणारी हाक

संगणकावर एखादा प्रोग्राम लांबलचक काम करत बसलेला असतो. आपण कंटाळून ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ या दोन कळा एकत्र दाबतो आणि काम तिथल्या तिथे थांबतं. यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण प्रोग्राम तर आपल्या तंद्रीत होता. कळ दाबल्याचं त्याला सांगितलं कुणी?

बातमी कळायचे मार्ग दोन. गॅसवर दूध ठेवलं की आपण पुन्हा पुन्हा डोकावून येतो. कुकर लावला की मात्र खुशाल दुसरं काम करतो, कारण तो शिट्टी देतो. प्रोग्रामनं सारखं ‘काही आलं का, काही आलं का’ विचारत राहायचं ठरवलं, तर उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं आणि प्रोसेसरचा वेळ फुकट जातो. म्हणून युनिक्समध्ये, आणि पुढे लिनक्समध्येही, शिट्टीची सोय आहे. तिला सिग्नल म्हणतात. प्रत्येक सिग्नलला क्रमांक असतो. कंट्रोल-सीचा २, लावलेला गजर झाल्याचा १४, ‘आता आवरतं घ्या’ असं सांगणारा १५. आणि ९ क्रमांकाचा असा, की तो आला की प्रोग्रामला काही बोलायची संधीच नाही. हे सिग्नल पाठवणाऱ्या आज्ञेचं नाव ‘किल’ आहे. नाव भयंकर, काम बरचसं टपालवाल्याचं!

सिग्नल आला की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला आहे त्या जागी थांबवते, त्या प्रसंगासाठी लिहून ठेवलेला छोटा भाग चालवते आणि मग पुन्हा मूळ कामावर सोडते. खरी गोम इथेच आहे. ‘आहे त्या जागी’ म्हणजे अगदी कुठेही. दुकानदारानं वहीत जमा लिहिली, शिल्लक अजून लिहायची आहे, आणि तेवढ्यात फोन आला. फोनवर बोलता बोलता त्यानं त्याच वहीत दुसरी नोंद केली, तर हिशेब चुकणारच. प्रोग्रामची अशी वही म्हणजे मेमरीच्या वाटपाचा हिशेब.

ही भीती कागदावरची नाही. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करण्यासाठी जगभर वापरला जाणारा ओपनएसएसएच हा प्रोग्राम घ्या. येणाऱ्याला आपली ओळख पटवायला तो साधारणपणे १२० सेकंद देतो. वेळ संपली की गजराचा सिग्नल येतो. तो आल्यावर चालणारा भाग घडलेल्या गोष्टीची नोंद करू लागायचा, आणि त्या नोंदीसाठी लिनक्सवर मेमरीच्या त्याच वहीला हात लागायचा. असाच दोष २००६ साली सापडून दुरुस्त झाला होता. २०२० मध्ये नोंदींची व्यवस्था बदलताना ती दुरुस्ती निसटली. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ते जाहीर केलं. मुद्दाम वेळ साधून जोडण्या करत राहिलं, तर त्यांच्या प्रयोगात सरासरी दहा हजार प्रयत्नांनंतर, पासवर्डशिवाय, सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळत होता. ओपनबीएसडी ही प्रणाली यातून सुटली, कारण तिथं २००१ पासूनच अशा प्रसंगी चालेल अशी नोंदीची वेगळी पद्धत होती. चार वर्षं हा दोष कुणाच्या नजरेस आला नाही याचं मला फारसं नवल वाटत नाही. अशा चुका शंभर वेळा चाचणी करूनही दिसत नाहीत.

मग करायचं काय? शिट्टी झाली की फक्त एक खूण करायची आणि परत फिरायचं. हातातली नोंद पुरी झाली की मूळ प्रोग्राम सवडीनं ती खूण बघतो. अनुभवी मंडळी त्यासाठी एक नळी ठेवतात. सिग्नल आला की तिच्यात एकच बाइट टाकायचा. नेटवर्कवरून येणाऱ्या निरोपांची वाट प्रोग्राम एका जागी बघतच असतो, तिथेच हाही निरोप हाती लागतो. लिनक्सनं २००७ मध्ये ही सोय स्वतःच दिली. तिचं नाव सिग्नल-एफडी.

आणखी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, नेहमीचे सिग्नल मोजता येत नाहीत. प्रोग्रामनं कामाला लावलेले पाच उपप्रोग्राम पाठोपाठ संपले, तरी कधी कधी सिग्नल एकच पोचतो. म्हणून तो आला की ‘एक संपला’ असं न धरता, संपलेला कुणी उरला नाही असं उत्तर मिळेपर्यंत प्रोग्रामला विचारत राहावं लागतं.