भट्टीचे आयुष्य तिच्या अस्तरात

वाशीमच्या बाजारात वखराची पास घेताना आपण तिची धार पाहतो. हे लोखंड ज्या भट्टीतून आले, तिची आठवण कोणाला होते?

विदर्भाला भट्टी नवी नाही. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे डॉ. शां. भा. देव व डॉ. अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० दरम्यान केलेल्या उत्खननात, सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची मातीची भट्टी सापडली. आजची भट्टी प्रचंड असली, तरी तिचाही जीव आतल्या अस्तरातच असतो. लोखंड वितळते १,५३८ अंश सेल्सिअसला आणि भट्टीचे पोलादी कवच मुख्यतः त्याच धातूचे! मध्ये आधार फक्त अग्निरोधक विटांचा.

म्हणून वीट निवडताना धातूवरच्या मळीचा स्वभाव पाहतात. आम्लधर्मी मळीला सिलिकाची वीट, चुनायुक्त मळीला मॅग्नेशियाची. जोडी चुकली, की मळीच वीट खाते. नवे अस्तर हळूहळू तापवून सुकवावे लागते. ओल राहिली, तर पाण्याची वाफ सुमारे १,७०० पट फुगते. वितळलेल्या धातूखाली पाणी अडकले, तर स्फोट होतो.

कवचावर एखादी जागा जास्त तापली, की भट्टी थांबवायलाच हवी. ‘आणखी एकच पाळी’ हा मोह माणसांच्या जिवावर बेततो.

आपल्या आज्या चुलीची भेग दिसताच लिंपून टाकत, ती मोठी होण्याची वाट पाहत नसत. कारखान्यालाही हेच शहाणपण हवे.