मेल अडला कुठे?

पत्र म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. कागदावर मजकूर लिहायचा, पत्ता घालायचा आणि पेटीत टाकायचे. पुढचे काम टपाल खात्याचे. ई-मेल हे असेच एक पत्र आहे. फरक एवढाच, की त्याला कागद लागत नाही. ते तारेतून किंवा हवेतून जाते. पुण्याच्या लेकाला धाडा, नाहीतर दुबईच्या जावयाला धाडा, बहुधा क्षणभरात पोचते.

आपल्या देशात सर्वसामान्य लोकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढे १९९८ साली वारणेच्या परिसरात एक योजना सुरू झाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावे तिच्यात होती. उसाची माहिती शेतकऱ्याला आपल्या गावातच संगणकावर मिळावी, असा तिचा हेतू होता. म्हणजे बघा, संगणक आपल्या शिवारात येऊन किती वर्षे झाली! आज तो सोसायटीत आहे, डेअरीत आहे, कित्येकांच्या घरातही आहे.

पण मेल जाईनासा झाला, की माणूस गडबडतो. समजा, तासगाव भागातला एक द्राक्षबागायतदार आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचा अंश किती उरला, हे प्रयोगशाळेत तपासावे लागते. व्यापारी म्हणाला, "तपासणीचा कागद सांजेपर्यंत मेलवर धाडा." माल तोडणीला आलेला. मजूर सांगून ठेवलेले. आणि नेमका मेल जाईना! मग तो दिसेल त्या पोराला हाक मारतो, "हा घे पासवर्ड, बघ रे काय झालंय ते."

इथेच थांबावे. आधी आपणच शोधावे, की मेल अडला कुठे.

घरचा पोस्टमन

संगणकावर मेलसाठी एक प्रोग्रॅम बसवतात. कुणी थंडरबर्ड बसवतो, कुणी आउटलुक. हा प्रोग्रॅम म्हणजे आपल्या घरचा पोस्टमन समजा. तो आपली पत्रे आणतो आणि आपण लिहिलेली नेऊन देतो.

ही पत्रे जिथे साठतात, त्या जागेला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असलेला दूरचा संगणक. तीच आपली टपाल कचेरी. पण इथे कचेऱ्या दोन असतात. येणाऱ्या पत्रांची एक, जाणाऱ्या पत्रांची दुसरी. पडद्यावर पहिलीला 'इनकमिंग' आणि दुसरीला 'आउटगोइंग' असे लिहिलेले असते. हे दोन शब्द ओळखता आले, की निम्मे काम झाले.

पहिला प्रश्न: येत नाही की जात नाही?

मेल येतो पण जात नाही? मग बिघाड बहुतेक 'आउटगोइंग'कडे आहे.

मेल जातो पण येत नाही? मग 'इनकमिंग'कडे बघा.

दोन्ही बंद? मग इंटरनेट, घड्याळ किंवा पासवर्ड, या तिघांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे.

दोन्ही बंद असेल तर

आधी इंटरनेट चालू आहे का, ते बघा. दुसरे एखादे पान उघडते का? नाही उघडले, तर मेलला दोष देऊ नका. रस्ताच बंद, तर पोस्टमन काय करील?

मग संगणकाचे घड्याळ आणि तारीख बघा. तुम्ही म्हणाल, घड्याळाचा काय संबंध? संबंध आहे. सर्व्हर आपल्या संगणकाला ओळखीचा दाखला दाखवतो. त्या दाखल्याला मुदत असते. जुन्या संगणकातला छोटा सेल संपला, की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग संगणकाला तो दाखला खोटा वाटतो आणि तो बोलणेच तोडतो. तारीख नीट करा, काम सुरू होते.

मग पासवर्ड. पासवर्ड म्हणजे पेटीची किल्ली. त्यात मोठे आणि लहान इंग्रजी अक्षर वेगळे धरतात. 'कॅप्स लॉक'ची कळ दाबलेली राहिली, की सगळी अक्षरे मोठी पडतात. आपल्याकडे आणखी एक गंमत होते. मराठी लिहायला घेतलेली कळपाटी मराठीवरच राहते आणि पासवर्ड भलताच पडतो. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, म्हणून चूक कळतही नाही. अशा वेळी तो पासवर्ड आधी कोऱ्या पानावर लिहून बघावा. बरोबर दिसला, की लगेच पुसून टाकावा.

पत्ताही एकदा अक्षर अक्षर वाचा. मधली गोल शेपटीची खूण, जिला आपण 'अॅट द रेट' म्हणतो, ती हवी. टिंब जागच्या जागी हवे. मध्ये मोकळी जागा मुळीच नको. सांगलीचा पिनकोड ४१६४१६. त्यातला एक आकडा चुकला, तर पत्र भलतीकडे जाते. इथेही तसेच.

खिडकीचा नंबर

टपाल कचेरीत तिकिटांची खिडकी वेगळी, मनिऑर्डरची वेगळी. सर्व्हरलाही अशा खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येकीला नंबर असतो.

मेल आणण्याच्या रीती दोन. एकीचे नाव आयमॅप. तिची खिडकी ९९३. दुसरीचे नाव पॉप. तिची खिडकी ९९५. मेल पाठवण्याच्या रीतीला एसएमटीपी म्हणतात. तिची खिडकी ४६५ किंवा ५८७. नंबर चुकला, की पोस्टमन बंद खिडकीपुढे उभा राहतो आणि हात हलवत परत येतो.

जाणाऱ्या मेलच्या बाबतीत आणखी एक बघा. तिथेही नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. पुष्कळ जण तो येणाऱ्या मेलसाठी भरतात आणि जाणाऱ्यासाठी राहून जातो. आमच्या त्या बागायतदाराचा मेल येत होता आणि जात नव्हता. त्याने आधी इथेच बघायला हवे.

आयमॅप आणि पॉप यांत फरक काय? आयमॅपमध्ये मूळ पत्र कचेरीतच राहते. ते संगणकावर दिसते आणि मोबाइलवरही दिसते. पॉपमध्ये पोस्टमन पत्र उचलून घरी आणतो. कचेरीत प्रत ठेवायला सांगितले नसेल, तर मोबाइलवर पेटी रिकामी दिसते. मग माणूस म्हणतो, "माझे मेल चोरीला गेले." चोरीला गेलेले नसतात. ते घरच्या संगणकात असतात. म्हणून दोन ठिकाणी मेल बघणाऱ्याने आयमॅप घ्यावे, हे बरे.

सगळे बरोबर, तरी नकार

जीमेलच्या बाबतीत असे होते. २०२२ पासून जीमेलने नियम कडक केले. बाहेरच्या प्रोग्रॅमला नुसता नेहमीचा पासवर्ड दिला, तर चालत नाही. नवे प्रोग्रॅम गुगलचे पान उघडतात. तिथे आपण नाव आणि पासवर्ड देऊन परवानगी द्यायची. प्रोग्रॅम जुना असेल, तर गुगलकडून सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढून घ्यावा लागतो. त्यासाठी आधी दुहेरी तपासणी चालू करावी लागते. हा त्रास वाटेल, पण तो आपल्याच पेटीच्या राखणीसाठी आहे.

कधी पेटी भरलेली असते. जीमेल १५ जीबी जागा फुकट देते. त्यातच आपले फोटोही साठतात. जागा संपली, की नवे मेल आत शिरत नाहीत. आणि मेलला जोडलेला कागद २५ एमबीपेक्षा जड असेल, तर तो तसा जात नाही. तपासणीच्या कागदाचा फोटो काढताना तो हलका ठेवावा.

किल्ली आपल्याच खिशात

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मोठी माणसे अक्षरे गिरवू लागली. त्याआधी ज्याला वाचता येत नसे, त्याला लेकीचे पत्रही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. घरातलं दुखणं, देणं, भांडण, सगळं परक्याच्या कानी जाई. तुम्ही अक्षरे शिकलात आणि ती लाचारी संपली.

आता पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे पुन्हा त्याच दारात उभे राहणे. आणि इथे धोका मोठा आहे. ज्याच्या हाती तुमचा मेल, तो पुष्कळदा तुमचे दुसरे पासवर्डही बदलून घेऊ शकतो. म्हणून मदत जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. जाणत्या पोराला शेजारी बसवा. नंबर त्याला सांगू द्या. पण पासवर्ड स्वतःच्या बोटांनी घाला. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि सोसायटीच्या संगणकावर आपला मेल बसवून ठेवू नका. तिथे जो बसेल, त्याला तो उघडा सापडेल.

सगळे नीट झाले, की एक मेल स्वतःलाच पाठवा. तो गेला आणि परत आपल्याकडे आला, म्हणजे दोन्ही कचेऱ्या चालू आहेत. मग सर्व्हरची नावे आणि खिडक्यांचे नंबर एका वहीत उतरून ठेवा. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नका. पुन्हा कधी मेल अडला, तर ही वही काढायची आणि पहिला प्रश्न विचारायचा: येत नाही, की जात नाही?