सशांची जोडी

ज्वारी काढताना पायाजवळून ससा उठला आणि बघता बघता बांधापलीकडे गेला, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आज मी बोलणार आहे तो ससा हा नव्हे. शहरात पिंजऱ्यात घालून विकतात तो पांढरा, काळा किंवा ठिपक्यांचा ससा वेगळा. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, आणि पुढच्या बऱ्याचशा चुका या एका नावापोटी होतात असं मला वाटतं.

शिवारातला ससा एकांडा. तो बीळ खणत नाही. गवताच्या आडोशाला अंग चेपून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तेव्हा त्याला पकडून पाळण्याची गोष्टच नको.) पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या रानातला. तो जमिनीखाली बिळं खणतो आणि मेळ्यानं राहतो. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. सशाचं काळीज भित्रं म्हणतात ना, ते या प्राण्याला सोबत असली की पुष्कळ निवांत राहतं. एक चरतो, दुसरा कान टवकारून बसतो. धोका दिसला की मागचा पाय जमिनीवर आपटून इशारा देतो. एकट्याला हे दोन्ही करावं लागतं.

आता एका शाळेतली हकिगत सांगतो. तिथल्या गुरुजींना मुलांसाठी ससा हवा होता. मी गुरांचा डॉक्टर, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दुकानातून विकत घेऊ नका. मोठ्या शहरांत प्राण्यांची आश्रयगृहं असतात, त्यांतल्या काहींत ससेही येतात. मुलाच्या वाढदिवसाला हौसेनं आणलेला ससा विजेच्या तारा कुरतडू लागला, की तो नकोसा होतो. काही जण तर त्याला माळावर सोडून देतात आणि पुण्य लागलं समजतात. कुत्र्या-मुंगसांपुढे त्या पांढऱ्या जिवाचा निभाव लागत नाही.

गुरुजी शहरात गेले. तिथल्या बाईंनी एक नर आणि एक मादी दाखवली आणि म्हणाल्या, “न्यायचे तर दोन्ही न्या.” गुरुजींना वाटलं, ही एकावर एक देण्याची दुकानदारी. ते म्हणाले, “बाई, आमच्याकडे चाळीस पोरं आहेत. सोबतीला काय तोटा?” बाई म्हणाल्या, “पोरं पाच वाजता घरी जातात, गुरुजी.”

आणि ससा खरा हिंडतो-फिरतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला.

पण कोणतेही दोन ससे एकत्र ठेवले की जोडी होते, असंही नाही. अनोळखी ससे एकमेकांना फाडतात. दोघांनाही परक्या अशा जागेवर, रोज थोडा थोडा वेळ, माणसानं समोर बसून त्यांची गाठ घालून द्यावी लागते. कधी काही दिवस लागतात, कधी कित्येक आठवडे. मग एक दिवस ते एकमेकांचं तोंड चाटू लागतात, कुशीला कूस लावून झोपतात. आश्रयगृहातून जमलेली जोडी मिळते, तेव्हा ही सगळी मेहनत कोणीतरी आपल्यासाठी आधीच केलेली असते. लंडनमध्ये १८२४ साली स्थापन झालेली प्राणिदयेची संस्थादेखील ससे साधारणपणे जोडीनंच देते.

जोडी तोडली तर मागे राहिलेला ससा खाणं टाकू शकतो, आणि इथं खरा धोका आहे. सशाचं पोट सतत चालू राहिलं पाहिजे. त्याला उलटी होत नाही. दहा-बारा तास काही पोटात गेलं नाही, तर आतडी थंडावतात, पोट फुगतं आणि जीव जाऊ शकतो. दातही जन्मभर वाढतात, ते गवतानंच झिजतात. म्हणून हरळी आणि वाळलेलं गवत हेच त्याचं जेवण. कोथिंबीर-मेथी तोंडी लावण्यापुरती आणि गाजर तर मिठाईसारखं, क्वचित.

नर-मादी आणणार असाल तर शस्त्रक्रिया झाल्याचा कागद आधी मागा. मादी ३१ दिवसांच्या आसपास विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाचा हिशेब गुरुजींनी फळ्यावर मुलांकडून करून घ्यावा! शस्त्रक्रियेनंतरही नर सहा आठवड्यांपर्यंत मादीपासून दूर ठेवावा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

उन्हाळ्याचं विसरू नका. पारा ३० अंशांच्या वर गेला की ससा कासावीस होतो. त्याची उष्णता बाहेर टाकण्याची वाट म्हणजे मुख्यतः कान. सावलीत मातीचा मोठा माठ आडवा ठेवा, भोवती ओलं गोणपाट टांगा. पावसाळ्यात बूड ओलं वा घाण राहिलं तर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. रोज उचलून पाहा. उचलायचं ते कानांना धरून नव्हे. एक हात छातीखाली, एक बुडाखाली. त्यानं लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो.

ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे पहिलीतलं पोर दहावीला जाईपर्यंत. सुट्टीत कोण नेणार, हे आधी ठरवा, आणि दोन पोरांत एकेक वाटून देऊ नका.

आमच्या गुरुजींनी शेवटी दोन्ही आणले. पुढल्या वैशाखात मादीनं सकाळपासून गवताला तोंड लावलं नाही. गुरुजी तिला टोपलीत घालून एस.टी.नं माझ्याकडे आले. येण्याआधी कुणीतरी सुचवलं होतं, की घरातलं अमॉक्सिसिलिन थोडं पाजा. बरं झालं पाजलं नाही. ते औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यामागोमाग ससाही.

मी विचारलं, “दुसरा कुठं आहे?”

“तो चांगला आहे की, डॉक्टर.”

मी म्हटलं, “चांगला आहे, म्हणूनच आणा. ही दवाखान्याचा वास घेऊन एकटी परत गेली, तर तो तिला ओळखायचा नाही, उलट अंगावर जाईल.”

परतीच्या गाडीला दीड तास होता. गुरुजींनी ओळखीच्याची मोटारसायकल मागून घेतली आणि भर उन्हात गेले. तोवर मी कातडीखाली पाणी दिलं, वेदना कमी होण्याचं औषध टोचलं. ते नराला घेऊन आले. त्याला टोपलीत सोडल्यावर त्यानं तिला हुंगलं आणि तिचे कान चाटत बसला. अंधार पडायच्या सुमारास तिनं हरळीची एक काडी ओढली. गुरुजींनी मला हाक मारली ती अगदी हलक्या आवाजात.